झेंडा उतरला, सभा मोडली

इ.स.पू. ६३ मध्ये रोममध्ये राबिरियस या म्हाताऱ्या सिनेटरवर ३७ वर्षांपूर्वीच्या खुनाचा खटला चालू होता. शिक्षा कायम करायची की नाही, हे नागरिकांच्या सभेनं ठरवायचं होतं. वारं त्याच्या विरुद्ध वाहतंय हे दिसताच मेटेलस केलर या अधिकाऱ्यानं यानिक्युलम टेकडीवरचा झेंडा उतरवला. झेंडा उतरला की सभा मोडलीच! राबिरियस सुटला.

ही सभा मुळात सैन्याची. सशस्त्र सैन्याला शहराच्या पवित्र हद्दीत येण्याची बंदी, म्हणून ती बाहेर, मार्सच्या मैदानावर भरे. सगळे तिकडे असताना शत्रू चालून आला तर? म्हणून नदीपलीकडच्या टेकडीवर पहारा आणि झेंडा. ६३ पर्यंत शत्रू कधीच लांब गेले होते, पण रीत उरली होती आणि वेळेला उपयोगी पडत होती.

खरी गंमत मोजणीत होती. नागरिकांचे १९३ गट आणि मत गटाचं, माणसाचं नव्हे. गट मालमत्तेवरून पडत. सुरुवातीच्या रचनेत घोडेस्वारांचे १८ आणि सर्वांत श्रीमंत वर्गाचे ८० मिळून ९८ होत; बहुमताला ९७ पुरत. श्रीमंत आधी मत देत आणि बहुमत झालं की मतदान तिथंच थांबे. ज्यांच्याकडे काहीच नाही, अशा सगळ्यांना मिळून एकच गट, तोही शेवटी. पुढे श्रीमंत वर्गाचे दहा गट कमी झाले, तरी पारडं त्यांच्याच बाजूला राहिलं.

दुसरी सभा ३५ जमातींची, म्हणजे मुळात राहत्या भागावरून पाडलेल्या गटांची; मत इथंही गटाचंच. इथं पैशाची अट नव्हती, पण मला ही जास्त धूर्त वाटते. शहरातली सगळी गर्दी ४ जमातींत कोंबलेली, उरलेल्या ३१ गावाकडच्या. आता लांबच्या गावाहून मतदानासाठी रोमला यायला सवड कुणाला? अर्थात जमीनदाराला.

वादविवाद वेगळ्या सभेत होत. इथं फक्त मत द्यायचं, तेही बराच काळ तोंडी, सगळ्यांदेखत. इ.स.पू. १३९ मध्ये निवडणुकांसाठी आणि १३१ मध्ये कायद्यांसाठी मेण लावलेल्या पाट्या आल्या. मतदार एका उंच, अरुंद फळीवरून चालत जाऊन पाटी पेटीत टाकत. शेजारी उभं राहून कुणी डोकावू नये, म्हणून ११९ मध्ये मारियस या अधिकाऱ्यानं त्या फळ्या आणखी अरुंद करायला लावल्या. पुढे थोड्याच वर्षांत निघालेल्या एका चांदीच्या नाण्यावर हे दृश्य आहे: एक जण खालून पाटी घेतोय, दुसरा पलीकडे ती पेटीत टाकतोय.