‘बी’ पाकिटातली माणसं

रस्ता नवा केला आणि पहिल्याच पावसात खचला. कंत्राटदाराने अनुभवाचा कोणता दाखला जोडून हे काम मिळवलं, असं कुणी माहिती अधिकारात विचारलं, तर ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ एवढं एक वाक्य लिहून अर्ज निकाली काढण्याची सोय नोव्हेंबर २०२५ पासून झाली आहे. त्याच फाईलमध्ये एखाद्या साइट इंजिनिअरचं पदवी प्रमाणपत्र, पॅन आणि मोबाइल नंबर असतो. तो किती हातांतून गेला याचा हिशेब मात्र त्या इंजिनिअरलाही कुणाकडे मागता येत नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा झाल्या, त्याची ही पार्श्वभूमी.

जुन्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातल्या कलम ७२ ने ठरावीक रकमेपुढच्या कामांसाठी स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात देऊन निविदा मागवणं आयुक्तांवर बंधनकारक केलं. पुढची अनेक दशकं कारभार लाखोट्यांचा होता. ठरल्या वेळी पेटी उघडायची, जमलेल्यांसमोर लाखोटे फोडायचे, दर वाचून दाखवायचे. स्थायी समितीपुढे मंजुरीला जाणाऱ्या मसुदापत्रात, म्हणजे प्रशासनाच्या प्रस्तावात, निविदाकारांची नावं आणि त्यांचे दर, अंदाजापेक्षा किती टक्के वर किंवा खाली, छापलेले असत. गुप्त ठेवायचा तो दर, आणि तोही पेटी उघडेपर्यंतच. माणसाबद्दल कागदावर फारसं काही नसायचं: नाव, पेढीचा पत्ता, नोंदणीचा वर्ग, सही.

माणूस फाईलमध्ये शिरला तो पात्रतेच्या अटी वाढल्यावर आणि निविदा ऑनलाइन झाल्यावर. कागद अपलोड करणं स्वस्त झालं, तशी मागण्यांची यादी लांबत गेली. पालिकेच्या कामांत तीन पाकिटांची पद्धत आहे. ‘ए’ पाकिटात बयाणा रकमेचा पुरावा, ‘सी’ पाकिटात दर, आणि मधलं ‘बी’ पाकीट पात्रतेचं. या ‘बी’ पाकिटात मालक, भागीदार, एकत्र कुटुंबाचा कर्ता किंवा कंपनी असेल तर किमान दोन संचालक यांचे पॅन आणि फोटो लागतात. सोबत भागीदारीचा करारनामा, बँकेचं सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट (आर्थिक ऐपतीचा दाखला), ई-मेल, आणि कामावर नेमायच्या तांत्रिक माणसांची शिक्षण-अनुभवासह यादी. लघुउद्योजक असेल तर उद्यम प्रमाणपत्र येतं. त्यावर मोबाइल नंबर असतो आणि उद्योजकाचा सामाजिक प्रवर्गही. पर्जन्यजलवाहिनी साफ करण्याच्या कामाला हा प्रवर्ग कशाला लागतो, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. प्रमाणपत्र जसंच्या तसं जोडायचं, म्हणून तो जोडला जातो.

फोर्टात निविदांची कामं करणारी झेरॉक्सची दुकानं आहेत. भरण्याच्या शेवटच्या दिवशी तिथे उभं राहिलं की हे सगळं डोळ्यांसमोर दिसतं. एकाच संगणकाच्या डेस्कटॉपवर पाच-सहा कंत्राटदारांची फोल्डर, प्रत्येकात भागीदारांची पॅन कार्डं. मालकाची डिजिटल सही ज्या यूएसबी टोकनमध्ये असते ते टोकन दुकानातल्या मुलाच्या ड्रॉवरमध्ये, आणि पासवर्ड टोकनलाच चिकटवलेल्या चिठ्ठीवर. माझ्या ओळखीच्या एका स्थापत्य अभियंत्याने एका कंत्राटदाराकडे आठ महिने काम केलं आणि सोडलं. दोन वर्षांनी त्याला कळलं की त्याची पदवी, अनुभवाचा दाखला आणि सही केलेला बायोडाटा आणखी तीन निविदांना जोडला गेला होता. त्यातल्या दोन पेढ्यांची नावंही त्याने ऐकली नव्हती. तक्रार कुठे करायची हे विचारायला तो आला, आणि त्याला देण्यासारखं धड उत्तर माझ्याकडे नव्हतं.

उत्तर नव्हतं याचं कारण कायद्यात आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ४३ए आणि त्याखालचे २०११ चे नियम हीच बराच काळ वैयक्तिक माहितीची मुख्य राखण होती. ती कंपन्या, पेढ्या, व्यावसायिक संस्था यांच्यापुरती. निविदा मागवणारी सरकारी कार्यालयं तिच्या बाहेर. शिवाय त्या नियमांत ‘संवेदनशील’ म्हणजे पासवर्ड, बँक खात्याचा तपशील, आरोग्याची माहिती, बायोमेट्रिक वगैरे. पदवीचं प्रमाणपत्र त्यात बसत नाही. आधार क्रमांक जाहीर छापू नये, हे आधार कायद्यात २०१६ पासून स्पष्ट आहे. बाकीच्या कागदांना तेवढंही संरक्षण नव्हतं.

दुसरा धागा उघडेपणाचा, आणि तो मराठी वाचकाच्या जास्त ओळखीचा. महाराष्ट्राने २००२ मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला. केंद्राचा २००५ मध्ये आला. सुरुवातीला कंत्राटाच्या फाईलींवर नकार यायचा तो कलम ८(१)(डी) खाली, म्हणजे वाणिज्यिक गुप्तता आणि व्यापारी गुपितं. पण काम देऊन झालं की दर कसला गुप्त, हा युक्तिवाद अपिलात टिकायचा. कलम ११ ने मधली वाटही दिली होती. कंत्राटदाराला पाच दिवसांत नोटीस, म्हणणं मांडायला दहा दिवस, मग निर्णय. कंत्राटदार ‘नको’ म्हणाला म्हणून आपोआप नकार नाही, तर त्याचं ऐकून घेऊन ठरवायचं.

गुंता झाला तो कलम ८(१)(जे) मध्ये. मूळ कलमात वैयक्तिक माहिती नाकारायला अटी होत्या. तिचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसावा, किंवा ती उघड केल्याने खासगीपणावर अनाठायी आक्रमण व्हावं. आणि तरीही व्यापक जनहित असेल तर ती द्यायची. शेवटी एक परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट, होतं: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही. नागरिकाला आमदाराच्या बरोबरीने उभं करणारं हे वाक्य या कायद्याचा कणा होता असं मी मानतो.

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी कर्मचाऱ्याच्या सेवेच्या नोंदी आणि प्राप्तिकर विवरणपत्रं वैयक्तिक ठरवली. प्रश्न नोकर आणि त्याचा मालक यांच्यातल्या बाबींचा होता. सार्वजनिक पैशातून काम घेणारा कंत्राटदार त्या प्रकरणात कुठेच नव्हता. तरी पुढच्या वर्षांत त्या निकालाचा हवाला कंत्राटांच्या अर्जांवरही येऊ लागला. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या कलम ४४(३) मुळे ८(१)(जे) ची जागा चार शब्दांनी घेतली: ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’. जनहिताची कसोटी गेली, परंतुकही गेलं.

आता खरी अडचण शब्दाची. माहिती अधिकार कायद्यात ‘वैयक्तिक माहिती’ची व्याख्याच नाही. नव्या कायद्यात ‘वैयक्तिक डेटा’ची आहे: ओळखता येण्याजोग्या व्यक्तीबद्दलचा डेटा. म्हणजे कंपनीचा ताळेबंद वैयक्तिक नाही. पण मुंबईतली छोटी कामं घेणाऱ्यांत एकट्या मालकाच्या पेढ्या खूप आहेत. तिथे पेढी आणि माणूस एकच. पेढीचा पॅन म्हणजे मालकाचाच पॅन, त्याचं चौथं अक्षर ‘पी’. कंपनी असेल तर तिथे ‘सी’, भागीदारी असेल तर ‘एफ’. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा. पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढचे दहा म्हणजे पॅनच. त्यामुळे पॅनवर काळी पट्टी मारून जीएसटी क्रमांक तसाच ठेवलेली प्रत देणं म्हणजे काहीच न झाकणं. अशी प्रत मी हातात धरलेली आहे. उलट बाजूने, मालकाचं नाव पेढीच्या नावातच आहे म्हणून कार्यादेशाची अख्खी प्रतच ‘वैयक्तिक’ ठरवता येते. मग मोठ्या कंपनीचं कंत्राट उघडं आणि एकट्या मालकाचं बंद, असा निकष उभा राहतो. कामाच्या दर्जाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

सरकारची बाजू अशी मांडली गेली की कायद्याने जे जाहीर करायचंच आहे त्याला नवा कायदा लागू होत नाही, आणि माहिती अधिकारातलं कलम ८(२) शाबूत आहे. दोन्ही खरं आहे. पण ८(२) मध्ये जनहित हानीपेक्षा मोठं आहे हे ठरवून माहिती ‘देता येईल’ इतकंच म्हटलं आहे. आधी नकाराला कारण लागायचं, आता देण्याला लागतं. वॉर्ड ऑफिसातला जन माहिती अधिकारी ते ओझं स्वतःहून का उचलेल? त्यातच मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पालिकेवर प्रशासक आला. स्थायी समितीत मसुदापत्रावर जाहीर प्रश्न विचारणारी माणसं नव्हती, तेव्हा माहिती अधिकाराच्या अर्जावरच जास्त भिस्त होती.

सगळ्यात बोचतो तो तारखांचा क्रम. नोव्हेंबर २०२५ मध्ये डेटा संरक्षण कायद्याचे नियम आले, तेव्हा ८(१)(जे) ची दुरुस्ती लगेच लागू झाली. डेटा सांभाळण्याच्या, गळती झाली तर कळवण्याच्या जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून. झाकण्याची मुभा लगेच मिळाली, सांभाळण्याची सक्ती मागून येणार. त्या अभियंत्याला मे २०२७ पर्यंत थांबायचं आणि रस्त्याचा दाखला मागणाऱ्याला आजच नकार.

कलम १० मात्र कुणी हलवलेलं नाही. नाकारण्याजोगा भाग वेगळा काढून उरलेली प्रत द्यावी, असं ते सांगतं. म्हणून मी आता अर्जातच एक ओळ घालतो: ‘पॅन, जीएसटी क्रमांकातली पॅनची दहा अक्षरं, आधार, फोटो, घरचा पत्ता, मोबाइल आणि कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रं खोडून द्यावीत, पेढीचं नाव, दर, अनुभवाच्या दाखल्यातलं कामाचं नाव, रक्कम आणि पूर्ण झाल्याची तारीख खोडू नये.’ पहिल्या अर्जाला नकार आला. प्रथम अपिलात प्रत मिळाली, अठ्ठावीस पानं. जीएसटीच्या मधल्या दहा अक्षरांवर कुणीतरी पट्टी लावून मार्कर नीट फिरवला होता.