शिवणयंत्राची घरगुती निगा

घरातील शिवणयंत्राची सफाई, तेल घालणे आणि झिजलेले सुटे भाग बदलणे ही कामे या निगेत येतात. यंत्र रोज चालत असेल तर ही कामे कारागिराची वाट न पाहता घरीच करावी लागतात. भारतीय घरांतील काळे, ओतीव लोखंडाचे पायमशीन बहुधा सिंगरच्या ‘क्लास १५’ या जुन्या रचनेवर बेतलेले असते. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सचे ‘उषा’ १९३० च्या दशकात आले. सुट्या भागांची मोठी कारखानदारी पुढे लुधियानात वाढली. बॉबिन (खालच्या दोऱ्याचे रीळ), बॉबिन केस (ते ज्यात बसते ती डबी), शटल (वरच्या दोऱ्याचा फास पकडून फिरणारा भाग) हे भाग एका कंपनीचे दुसरीच्या यंत्राला पुष्कळदा बसतात, म्हणून पन्नास वर्षांचे यंत्रही सहसा भंगारात काढावे लागत नाही.

‘मशीन बिघडले’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा तीनच कारणे निघतात: साचलेला कचरा, बोथट सुई आणि चुकीचे तेल. यांतला कचरा सर्वांत दुर्लक्षित. शिवताना वरच्या दोऱ्याचा फास दर टाक्याला बॉबिन केसभोवती फिरून वर ओढला जातो. कापडात बसण्याआधी दोऱ्याचा तोच भाग सुईच्या नेढ्यातून कित्येकदा घासत वर-खाली होतो. त्याचे सुटलेले तंतू आणि कापडाची लव सुईखालच्या प्लेटखाली, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या मधल्या खाचांत जमून घट्ट थर बनतो. मग दाते पुरेसे वर येत नाहीत, कापड सरकत नाही आणि टाके एकावर एक पडतात.

सफाईसाठी सुई, फूट (कापड दाबून धरणारा पाय) आणि बॉबिन केस काढून प्लेट उघडतात. शटल धरून ठेवणारी कडी काही यंत्रांत दोन खटक्यांनी, काहींत स्क्रूंनी बसवलेली असते. ती सुटली की शटल हातात येते. कचरा लहान ब्रशने किंवा चिमट्याने बाहेर ओढावा. तोंडाने फुंकर मारण्याची सवय वाईट, कारण कचरा आणखी आत जातो आणि श्वासातल्या ओलाव्याने लोखंड गंजते. शटल ज्या खाचेत फिरते तिथे तेलाचा एकच थेंब पुरतो.

तेल पातळ, पांढरे मशीन ऑइलच हवे. खोबरेल घालण्याची चाल घरोघरी आहे. ते साधारण २४ अंश सेल्सिअसखाली थिजते, त्यामुळे थंडीत सकाळी चाक जड जाते. कोणतेही खाद्यतेल हवेने हळूहळू चिकट होऊन राळेसारखे बसते. असे जाम झालेले यंत्र रॉकेलचे थेंब सोडून, रिकामे चालवून, पुसून मोकळे करतात आणि मग नवे तेल घालतात. तेलानंतर आधी चिंधीवर टीप मारावी, नाहीतर पहिला डाग नव्या ब्लाउजवर पडतो. मशीनचे चाक फिरवणाऱ्या वादीला मात्र तेल लागू देऊ नये, ती घसरते. चामड्याची वादी सैल झाली की थोडी कापून तारेच्या आकड्याने पुन्हा जोडतात.

कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला की बहुतेक जण बॉबिन केसचा स्क्रू पिळू लागतात. दोष सहसा वरच्या दोऱ्याचा असतो. फूट वर असतानाच टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्या मोकळ्या होतात. फूट खाली ठेवून दोरा ओवला तर तो चकत्यांमध्ये बसतच नाही. पुन्हा नीट ओवून, सुई बदलून पाहिल्याशिवाय स्क्रूला हात लावू नये. घरगुती सुईच्या दांड्याची एक बाजू सपाट असते आणि दोरा तिच्या समोरच्या, लांब खाच असलेल्या बाजूने ओवायचा असतो.

गोधडीचे काम यंत्राला जास्त झिजवते. हाताने धावदोरा घालून शिवली जाणारी गोधडी आता अनेक जणी मशीनवर शिवतात. जुन्या लुगड्यांचे थर, मध्ये कधी कापूस, यामुळे लव भरपूर सुटते. अशा कामात दर एक-दोन बॉबिनांनंतर ब्रश फिरवणे योग्य. सुई १६ किंवा १८ नंबरची, टाका लांब आणि फुटाचा दाब कमी ठेवतात. जाड शिवणीवर कापड हाताने ओढले तर सुई वाकून प्लेटवर आपटते. तुटलेल्या टोकाने शटलवर पडलेला ओरखडा पुढे दर टाक्याला दोरा कापत राहतो. हा ओरखडा अगदी बारीक पॉलिश पेपरने घासून काढता येतो.

कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात उघड्या लोखंडी भागांवर तेलाचा हलका हात फिरवून ठेवतात. जुन्या यंत्रांवरची सोनेरी नक्षी लाखेच्या रोगणाखाली असते, म्हणून तिला स्पिरिट किंवा थिनर लावत नाहीत. विजेच्या यंत्राचा प्लग काढूनच काम करावे. काही संगणकीय यंत्रांना बाहेरून तेल घालायचेच नसते, त्यासाठी माहितीपुस्तिका पाहावी. नवी सुई, स्वच्छ शटल आणि नीट ओवलेला दोरा असूनही टाके सुटत असतील, तर सुईच्या वर-खाली होण्याची आणि शटल फिरण्याची वेळ एकमेकांशी जुळत नसते. ती जुळवण्याचे काम कारागिराचे.