मेलॅनोमा आणि 2 सेंटिमीटर: हा आकडा कुठून आला?

मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग, काढताना त्याच्याभोवतीची किती निरोगी त्वचा कापायची, हा त्वचेच्या कर्करोगातला फार जुना वाद आहे. आज सर्जन पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमधली गाठीची जाडी, म्हणजे ती त्वचेत किती खोल गेली आहे, ते पाहतो. ती 1 मिलिमीटरपर्यंत असेल तर 1 सेंटिमीटर, 2 मिलिमीटरच्या वर असेल तर 2 सेंटिमीटर, आणि मधल्या जाडीला रुग्णानुसार एक ते दोन.

सुरुवात 1907 ची. लंडनच्या एका सर्जनने एका महिलेच्या शवविच्छेदनावरून गाठीपासून साधारण इंचभर त्वचा आणि तिच्याखालची चरबी आणखी दोन इंच रुंद काढण्याचा सल्ला दिला. त्वचा किती आणि चरबी किती, हा फरक पुढे पुसला गेला आणि चारी बाजूंनी 5 सेंटिमीटर असा दंडक पडला. म्हणजे सेंटिमीटरभर डागासाठी 11 सेंटिमीटर व्यासाची जखम, तिच्यावर मांडीची कातडी, आणि पोटरीवर आयुष्यभराचा खड्डा. निम्म्याहून जास्त शतक हे चाललं, तेही एका शवविच्छेदनाच्या आधारावर.

1970 साली अमेरिकेतल्या एका पॅथॉलॉजिस्टने दाखवून दिलं, की रुग्णाचं पुढे काय होणार हे डागाच्या रुंदीपेक्षा त्याच्या जाडीवरून जास्त नीट कळतं. मग पातळ गाठीलाही तेवढाच मोठा घाव कशाला, हा प्रश्न टाळता येईना. रुग्णांची लॉटरी पद्धतीने दोन गटांत विभागणी करून चाचण्या सुरू झाल्या. 1988 मध्ये 612 रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल आले. 2 मिलिमीटरपर्यंतच्या गाठींत 1 सेंटिमीटर आणि 3 सेंटिमीटर, दोन्ही गटांतली माणसं सारखीच जगली.

खरा गुंता जाड गाठींचा. ब्रिटनमधल्या चाचणीत 2 मिलिमीटर किंवा त्याहून जाड गाठ असलेले 900 रुग्ण होते. निम्म्यांना 1 सेंटिमीटर, निम्म्यांना 3. 2004 मध्ये दिसलं, की 1 सेंटिमीटरच्या गटात रोग त्या भागात किंवा जवळच्या लसीका ग्रंथींत जास्त जणांना परतला, 142 च्या जागी 168. मृत्यूंत मात्र ठळक फरक नव्हता. 2016 मध्ये, सुमारे पावणेनऊ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, मेलॅनोमाने झालेले मृत्यू 1 सेंटिमीटरच्या गटात 194 आणि 3 सेंटिमीटरच्या गटात 165 निघाले. कोणत्याही कारणाने झालेले सगळे मृत्यू मोजले, तर फरक पुन्हा पुसट होत होता. एकाच चाचणीतून दोन पक्षांना दोन उत्तरं मिळाली. माझ्या मते रोगाने झालेल्या मृत्यूंना इथे जास्त वजन द्यायला हवं, कारण चाचणी त्याच रोगावरच्या शस्त्रक्रियेची होती.

दुसरीकडे, 2011 मध्ये उत्तर युरोपातल्या 936 रुग्णांच्या चाचणीने याच जाडीसाठी 2 आणि 4 सेंटिमीटर सारखेच ठरवले, आणि जवळपास वीस वर्षांच्या पाठपुराव्यातही ते सारखेच राहिले. एक म्हणते 1 कमी पडतो, दुसरी म्हणते 4 ची गरज नाही. या दोन्हींतून 2 निघाला. जाड गाठींत 1 आणि 2 यांची समोरासमोर तुलना व्हायला बराच उशीर झाला. तशी आंतरराष्ट्रीय चाचणी आता सुरू आहे.

‘मार्जिन’ या शब्दानेही घोळ घातला आहे. चाचण्यांतलं मार्जिन म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावर पट्टी ठेवून त्वचेवर आखलेलं अंतर. रिपोर्टमधलं मार्जिन सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात, आणि कापलेली त्वचा आधी स्वतः आणि मग ती टिकवायच्या द्रावात, फॉर्मालिनमध्ये, आक्रसते. त्यामुळे 2 सेंटिमीटर कापूनही कागदावर दीड दिसतो आणि रुग्णाची झोप उडते. पुन्हा कापायचं की नाही, हे फक्त त्या आकड्यावरून ठरवू नये.

ग्रंथींच्या बाबतीत निकाल जास्त स्पष्ट आहे. गाठीतून रोग सगळ्यात आधी ज्या लसीका ग्रंथीत पोहोचतो, त्या पहिल्या ग्रंथीत तो सापडला की काखेतल्या किंवा जांघेतल्या बाकीच्याही लगेच काढायच्या, ही पद्धत 2017 च्या 1,934 रुग्णांच्या चाचणीने मागे पाडली. तीन वर्षांनी रोगाच्या हिशेबात जगण्याचं प्रमाण दोन्ही गटांत 86 टक्के होतं, पण ग्रंथी काढलेल्यांपैकी 24 टक्क्यांना हातापायाची सूज आली. ग्रंथी न काढता नुसती नजर ठेवलेल्या गटात ती 6 टक्क्यांना आली. हाच नियम सगळ्या कर्करोगांना लावता येत नाही. मुंबईतल्या एका चाचणीने 2015 मध्ये तोंडाच्या कर्करोगात उलट दाखवलं: मानेच्या ग्रंथी सुरुवातीलाच काढल्या तर तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण हयात होते, वाट पाहिली तर 67.5 टक्के.

आपल्याकडे मेलॅनोमा कमी, पण जो होतो तो बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली. लोक त्याला कुरूप समजतात, ब्लेडने तासतात, कापूर-तेल लावतात, आणि रुग्णालयात येईपर्यंत गाठ जाड झालेली असते. जाड गाठींवरच्या ज्या दोन चाचण्यांतून 2 सेंटिमीटर निघाला, त्या दोन्हींनी तळपाय मुद्दाम वगळले होते. पाठीवर 5 सेंटिमीटरची जखम बहुधा टाक्यांनी मिटते. टाचेवर तेवढीच जखम झाली तर त्वचारोपण लागतं, रोपण केलेली त्वचा चालण्याच्या भाराने पुन्हा पुन्हा फाटते, आणि शेतात उभं राहून काम करणाऱ्या माणसाला तो पाय कायमचा सांभाळावा लागतो.