मोटरसायकलवर थंडी शिरते कुठून?

आमच्या साताऱ्यातल्या दुकानातून जर्किन, रेनकोट आणि हातमोजे नेणाऱ्या ग्राहकांसाठी

डिसेंबर लागला की दुकानात रोज एक मागणी येते, "जाडातलं जाड जर्किन दाखवा." आम्ही दाखवतो, पण आधी दोन गोष्टी विचारतो. किती वाजता निघता, आणि कुठल्या रस्त्यानं जाता? पहाटे चारला जावळीतून दुधाचे कॅन लावून येणारा, पहिल्या पाळीला एमआयडीसी गाठणारा आणि कोरेगावहून दहाच्या कचेरीला येणारा, या तिघांची थंडी सारखी नसते. आणि तिघांनाही जाड जर्किन लागतंच असं नाही.

गाडीवरची थंडी ही मुख्यतः वाऱ्याची थंडी असते. बाहेर 10 अंश तापमान असेल आणि गाडी 60 च्या वेगानं चालली असेल, तर उघड्या कातडीला तीच हवा साधारण 5 अंशांसारखी लागते. आपल्या अंगाच्या उबेनं कातडीलगत हवेचा एक पातळ थर तापलेला असतो. वारा तो थर ओढून नेतो, अंग पुन्हा नवा थर तापवतं, वारा तोही नेतो. स्वेटरची ऊबसुद्धा त्याच्या लोकरीत अडकलेल्या हवेचीच असते. विणीतून वारा आरपार गेला की ती हवा जागेवर राहत नाही. म्हणून घरी विणलेला चांगला जाड स्वेटर अंगणात घाम काढतो आणि गाडीवर दहा मिनिटांत हुडहुडी भरवतो. त्याच स्वेटरवर वारा अडवणारं पातळ विंडचीटर चढवा, फरक लगेच कळेल. तुमच्याकडे असा स्वेटर असेल तर आमचं महागातलं जर्किन घेऊ नका, विंडचीटर पुरेल.

रस्त्याचं का विचारतो तेही सांगतो. उंचावर थंडी जास्त, हा सर्वसाधारण नियम. महाबळेश्वर 1,350 मीटरच्या आसपास आहे, सातारा शहर त्याच्या निम्म्याहून थोडं अधिक उंचीवर. पण हिवाळ्यात निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उलटं होतं. गार हवा जड असते, ती डोंगरउतारावरून घसरत खाली येते आणि खोलगट भागात साचते. महाबळेश्वरातही बाजारपेठेपेक्षा वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याकडे गारठा जास्त असतो, दवबिंदू गोठतात ते तिकडेच. मेढ्याकडून पहाटे येणाऱ्यांना हे सांगायला नको. ओढ्याच्या पुलावर किंवा उसाच्या फडाशेजारी आलं की गुडघ्यांना एकदम गार फटका बसतो, आणि चढावर गाडी लागली की जरा बरं वाटतं. तुमच्या रस्त्यावर अशा जागा असतील तर त्या येण्याआधी चेन गळ्यापर्यंत ओढून घ्या. अंग एकदा गार पडलं की चालत्या गाडीवर पुन्हा तापत नाही.

चार फटी

गळा, मनगट, कंबर आणि पुढची चेन. थंडी इथूनच आत येते, जर्किन कितीही जाड असो. चेनच्या मागे आतून कापडाची पट्टी आहे का बघा, कारण चेनच्या दातांतून वारा सरळ छातीवर येतो. कंबरेला ओढायची दोरी किंवा इलॅस्टिक हवं. दुकानात उभं राहून जर्किन घातलं तर ते कंबरेपर्यंत छान येतं, पण गाडीवर वाकून बसलात की मागून चार बोटं वर सरकतं आणि पाठ उघडी पडते. म्हणून दुकानाबाहेर उभ्या असलेल्या आमच्या गाडीवर बसून, हँडल धरून बघितल्याशिवाय माप ठरवू नका.

गळ्यासाठी मफलर वापरत असाल तर टोकं जर्किनच्या आत खोचलेली हवीत. मागे बसणाऱ्या बाईंची ओढणी, पदर, शाल यांचंही तेच. सुटं टोक चाकात किंवा गाडीच्या चेनमध्ये गेलं तर सावरायला वेळच मिळत नाही. गळ्यातून घालायची, टोकं नसलेली गळपट्टी सगळ्यांत बरी. आणि कृपा करून हेल्मेटखाली जाड लोकरी कानटोपी घालू नका. ती हळूहळू दबते, हेल्मेट सैल होतं आणि पडल्यावर डोक्यावर राहील याची खात्री उरत नाही. कान झाकणारी पातळ, ताणली जाणारी टोपी मिळते, ती घाला.

हात

आमच्याकडे बरीच वर्षं येणारे एक दूधवाले काका आहेत. एका जानेवारीत ते हातमोजे घ्यायला आले, तेव्हा त्यांना खिशातून पाकीट काढता येईना. बोटं वाकत नव्हती. पाकीट आम्हीच काढलं, नोटा आम्हीच मोजल्या. त्याच बोटांनी ते घाट उतरून आले होते, ब्रेक दाबत. गारठलेल्या हाताला ब्रेक किती दाबला गेला हे कळत नाही आणि क्लच सोडताना झटका बसतो. थंडीचा खरा धोका हा आहे.

त्यांच्या हातात मोजे होते, चांगले जाड होते. पण अंगात सदरा आणि वर नुसता स्वेटर. शरीर गार पडायला लागलं की ते आधी हृदय, फुप्फुसं सांभाळतं आणि हातापायांकडे जाणारं रक्त कमी करतं. छाती गार असेल तर हातमोजे काही करू शकत नाहीत. आम्ही त्यांना आधी विंडचीटर दिलं. मोजे एक माप मोठे दिले, कारण घट्ट मोजा रक्त अडवतो आणि आतली हवाही दाबून टाकतो. शिवाय हँडलला बसणारी कव्हर दिली. दिसायला ती ओबडधोबड, पण वारा बोटांपर्यंत येऊच देत नाहीत. बसवल्यावर एकदाच बघून घ्या की ब्रेकचा लिव्हर कव्हरला अडकत नाही आणि हात झटकन बाहेर निघतो.

अडीनडीला औषध दुकानात मिळणारे पातळ रबरी मोजे आतून घालून वर नेहमीचे मोजे चढवा. हाताला घाम येतो, पण वारा थांबतो. छातीवर वर्तमानपत्राच्या दोन घड्या घालायची जुनी युक्तीही अजून तितकीच चालते.

पाऊस

आपल्याकडची ओली थंडी जुलै ते सप्टेंबरातली. यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाताना, बामणोलीला, कोयना भागात. थर्मामीटर फार खाली जात नाही, तरी माणूस काकडतो, कारण पाणी अंगाची ऊब हवेच्या सुमारे 25 पट वेगानं काढून नेतं. सुती बनियन भिजला की सुकत नाही, अंगाला चिकटून ऊब पीत राहतो. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते. माणदेशातला धनगर रिमझिमीत घोंगडी का सोडत नाही, ते यावरून कळतं. तेव्हा लांब जायचं असेल तर आत सुती कपडा नको, आणि एक कोरडा बनियन नि पायमोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सोबत ठेवा.

रेनकोट कापडातून क्वचित गळतो, तो शिवणीतून गळतो. सुईचं प्रत्येक टोचणं म्हणजे एक भोक. ती बंद करायला आतून गरम करून टेप चिकटवलेली असते. सुरुवातीच्या काळात आम्हीही एका ठिकाणाहून टेप नसलेला माल आणला होता. एक ग्राहक भिजलेल्या पँटीसह परत आले. आम्ही रेनकोटची पँट काउंटरवर उलटी केली, आसनापाशी जिथं चारही शिवणी एकत्र येतात तिथं खळगा करून पेलाभर पाणी ओतलं आणि खाली कागद धरला. मिनिटभरात थेंब डोकावला, मग दुसरा, मग कागदावर ओला डाग उमटला. बसल्यावर पाणी नेमकं तिथंच साचतं आणि अंगाचा भार ते आत दाबतो. त्या दिवशी तो सगळा माल आम्ही परत केला. तेव्हापासून कुणीही मागितली तर ही पाण्याची परीक्षा आम्ही समोर करून दाखवतो. मागायला संकोच करू नका.

घालताना बाही हातमोज्यावर, पँट गमबुटावर. मोज्याचं तोंड बाहीवर असेल तर बाहीवरून ओघळलेलं पाणी मोज्यातच भरतं. गाडीवर झूल, म्हणजे अंगावरून नुसता सोडायचा बिनबाह्यांचा रेनकोट, घालू नका. ती वाऱ्यानं फुगते, हँडल ओढते आणि चाकाजवळ फडफडते.

"नवा रेनकोट गळतो" अशा तक्रारींतली बरीच ओल घामाची असते. ओळखायचं असं: पाणी शिरलं तर शिवणीपाशी, आसनात किंवा चेनखाली ठरावीक जागी ओल दिसते. घाम असेल तर पाठ, काखा आणि हाताची कोपरं सगळीकडून दमट होतात. पहिल्या प्रकारात रेनकोट घेऊन या, आम्ही बदलून देऊ. दुसऱ्या प्रकारात आतला एक कपडा कमी करा, चढावर गळ्याची चेन थोडी उघडा.

हेल्मेटच्या काचेवर धुकं धरलं तर काच बोटभर उघडी ठेवा आणि गळपट्टी नाकावरून खाली घ्या. आपलाच श्वास काचेवर जातो.

कुडकुडणं थांबेना, जीभ जड झाली, गिअर कुठला पडलाय हे आठवेना, तर गाडी बाजूला लावा. टपरीवर चहा घ्या, ओलं काढा, कोरडं घाला. "एक पेग मारला की ऊब येते" हे ऐकू नका. दारूनं कातडीकडे रक्त धावतं म्हणून क्षणभर गरम वाटतं, पण आतली ऊब तितक्याच वेगानं बाहेर जाते, आणि गाडी चालवणाऱ्यानं ती घेण्याचा प्रश्नच येत नाही.

रेनकोट सावलीत, उलटा टांगून वाळवा. ओला घडी करून डिकीत कोंबला की टेप सुटते. इस्त्री नको, मशीन नको. टेप सुटलेली दिसली तर फेकू नका, आमच्याकडून घेतलेल्या रेनकोटची टेप आम्ही पुन्हा चिकटवून देतो. पावसाआधी मे महिन्यात आणलात तर बरं, जूनमध्ये दुकानात पाय ठेवायला जागा नसते.