नाळेच्या पेशींनी आतड्याच्या नसा उगवत नाहीत

जळगाव-धुळ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप गेली काही वर्षं फिरतोय: बाळाला शी होत नसेल तर ऑपरेशन नको, नाळेतल्या स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, आतड्याच्या नसा परत येतात. हे खरं नाही.

आजाराचं नाव हिर्शस्प्रुंग. गर्भ साधारण पाच ते बारा आठवड्यांचा असताना चेतापेशी (नसांच्या पेशी) आतड्यातून वरून खाली सरकत जातात. त्या मधेच थांबल्या तर शेवटचा तुकडा चेतापेशींविना राहतो, सैल पडत नाही, आणि मळ मागे तुंबतो. साधारण 5,000 बाळांत एक, मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त. (आईने गरोदरपणात वांग्याचं भरीत खाल्लं म्हणून नव्हे. बिचारं भरीत!)

नाळेच्या रक्तातल्या मूळ पेशी (स्टेम सेल) मुख्यतः रक्त तयार करतात, आतड्याच्या चेतापेशी नाही. प्रयोगशाळेत वेगळ्या पेशींपासून चेतापेशी घडवून उंदरांच्या आतड्यात सोडल्या आहेत, त्या तिथे रुजल्याही. पण उंदीर तो उंदीर. बाळांसाठी असा मान्यताप्राप्त उपचार आज नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असे प्रयोग मंजूर चाचणीतच करता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कोणी लाखाचं पॅकेज सांगितलं की तिथेच ओळखा.

ऑपरेशनला पर्याय नाही: बिनचेतापेशींचा भाग काढून निरोगी आतडं खाली जोडतात. जन्मानंतर 48 तासांत काळी शी झाली नाही, पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, तर एरंडेल-गुटी बाजूला ठेवून लगेच बालशल्यचिकित्सक गाठा.