हजार अंशांत भाजलेला मॅग्नेट शंभरात कसा उतरतो, म्हणजे त्याची ओढ कशी जाते?

कास्टिंगच्या वाळूतले लोखंडाचे तुकडे ओढून घ्यायला बेल्टवर मॅग्नेट बसवणाऱ्या, कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फौंड्रीवाल्या ग्राहकांचा हा नेहमीचा प्रश्न. "भट्टीतनं आलेला माल, त्याला वाळूच्या उष्णतेनं काय होतंय?"

निओडिमियम मॅग्नेट म्हणजे निओडिमियम, लोखंड आणि बोरॉनची ३ ते ५ मायक्रॉनची पावडर, दाबून साधारण १००० ते ११०० अंशांत व्हॅक्यूममध्ये सिंटर केलेली, म्हणजे भाजून घट्ट केलेली. पण भट्टीतून निघतो तेव्हा तो मॅग्नेट नसतोच! सुमारे ३१० अंशांच्या वर त्यात चुंबकत्व राहत नाही. गार झाला, घासून साईजला आला, कोटिंग झालं की सगळ्यात शेवटी चार्ज करतात. तुमच्या बेल्टवर तापतो तो चार्ज झालेला माल.

सिंटरिंगचं तापमान कमी पडलं तर आत पोकळ्या राहतात, ओढ कमी आणि गंज आतपर्यंत शिरतो. जास्त झालं तर ग्रेन, म्हणजे धातूतले बारीक कण, फुगतात. तुम्ही कास्टिंगवाले, ग्रेन बिघडलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. इथे ओढ चांगलीच लागते, पण उष्णतेत चुंबकत्व धरून ठेवायची ताकद, म्हणजे कोअर्सिव्हिटी, घटते. असा ब्लॉक टेबलावर पाना झकास उचलतो आणि गरम वाळूवर गेला की कमजोर पडतो. म्हणून प्रत्येक लॉटमधला नमुना आम्ही ओव्हनमध्ये तापवतो, गार करतो आणि आधीचा-नंतरचा गॉस, म्हणजे चुंबकाचा जोर, मोजतो. डिलिव्हरीला दोन दिवस जास्त लागतात ते यासाठी.

आता मुख्य चूक. फोनवर नुसतं "एन५२ द्या, सगळ्यात पॉवरफुल" म्हणून ऑर्डर येते, तापमान कुणी सांगत नाही. ग्रेडमधला आकडा ओढीचा, अक्षर उष्णता सोसण्याचं. साधा एन ग्रेड ८० अंशांपर्यंतचा. एच १२०, एसएच १५०. गेल्या मे महिन्यात एक ग्राहक दुसरीकडून घेतलेली सेपरेटर प्लेट (वाळूतलं लोखंड ओढणारी मॅग्नेटची प्लेट) घेऊन आले. रंगाला फोड आलेले, एम६ चा नट लावला तर घसरून खाली पडला. त्यांच्या शेकआऊटजवळ (साचा फोडून कास्टिंग वाळूतून काढतात तिथे) जाऊन मोजलं, वाळू ११५ अंश! तिथे आम्ही ४२एसएच बसवला. आकडा ५२ वरून ४२ वर आला म्हणून माल हलका होत नाही. उलट त्यात उष्णता सोसण्यासाठी बहुधा डिस्प्रोशियम किंवा टर्बियम हे दुर्मिळ धातू असतात, आणि एप्रिल २०२५ पासून चीनने त्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आहे. दर चढा दिसतो तो त्यामुळे.

उतरलेला मॅग्नेट परत चार्ज होतो, पण त्यासाठी हाउसिंग कापून ब्लॉक काढावे लागतात. खर्च नव्या प्लेटच्या जवळ जातो. आणि कृपा करून बसवलेल्या प्लेटवर ब्रॅकेट वेल्ड करू नका. बोल्ट लावा, भोकं आम्ही पाडून देतो.

ऑर्डरपूर्वी प्लँट दोन-तीन तास चालू झाल्यावर, दुपारी, टेम्परेचर गनने वाळू मोजा. तो आकडा, बेल्टची रुंदी आणि वाळूच्या थराची उंची व्हॉट्सॲपवर पाठवा, त्याच दिवशी कोटेशन देतो. वाळू ५०-६० अंशांची असेल तर साधा एन४२ पुरेल, असं आम्हीच सांगू.