गुरूचं वजन कोणत्या काट्यावर?

गळीत हंगाम सुरू झाला की चिकोडी-निपाणीकडं वजनाशिवाय दुसरं बोलणं नसतं. भरलेली ट्रॉली काट्यावर किती आली, रिकामी किती आणि वजाबाकी बरोबर झाली का. अशाच एका रात्री उसाच्या फडाकडेला दुर्बीण लावून मी गुरू दाखवत होतो. गावातले एक काका बराच वेळ डोळा लावून बसले, मग म्हणाले, "पृथ्वीच्या तीनशे अठरा पट म्हणतोस, खरं ह्याला काट्यावर चढवला कुणी?"

प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचं उत्तर त्यांच्या डोळ्यासमोरच होतं. गुरूच्या दोन्ही बाजूंना दिसणारे ते चार ठिपके म्हणजे त्याचे चंद्र. गॅलिलिओनं ते जानेवारी 1610 मध्ये पाहिले. 1619 मध्ये केप्लरनं ग्रहांचं अंतर आणि फेरीचा काळ यांचा नियम मांडला. तो नियम तसाच का, हे 1687 मध्ये न्यूटननं सांगितलं. जोंधळ्याच्या राखणीला गोफण फिरवलेल्या माणसाला ते लगेच कळेल: फिरकी जोरात हवी तर दोरीला ओढही तेवढीच लागते. आकाशात ही ओढ मधल्या गोलाच्या वस्तुमानातून येते. म्हणून फिरणाऱ्याचं अंतर आणि काळ मोजला की मधल्याचं वस्तुमान निघतं: अंतराच्या घनाला काळाच्या वर्गानं भागलं की जे येतं, त्याच प्रमाणात ते असतं.

हे गणित वहीवर होतं. आपला चंद्र सुमारे 3,84,000 किलोमीटरवरून 27.3 दिवसांत एक फेरी मारतो. गुरूचा आयो हा चंद्र 4,22,000 किलोमीटरवर, म्हणजे थोडाच लांब, पण त्याची फेरी 1.77 दिवसांत पुरी होते. काळाचा फरक 15.4 पट, त्याचा वर्ग सुमारे 238. अंतराचा फरक 1.1 पट, त्याचा घन 1.33. दोन्हींचा गुणाकार 317 च्या आसपास. काकांना खटकलेला आकडा तो हाच.

न्यूटननं याच वाटेनं सूर्य गुरूच्या 1067 पट काढला. आजचा आकडा 1047 आहे. पृथ्वीचा हिशोब मात्र त्याचा जवळजवळ दुपटीनं चुकला, कारण सूर्याचं अंतर तेव्हा नीट ठाऊक नव्हतं.

पण हे सगळे 'पट'च होते. तागडी होती, पारड्यात टाकायला शिक्क्याचं माप नव्हतं. शंभरावर वर्षं ग्रहांची एकमेकांशी तुलना होत राहिली, आणि किलोत सांगायचं तर पृथ्वीसुद्धा किती भरते हे पक्कं कुणाला माहीत नव्हतं. या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात मोठा वाटतो तो हा अडसर ज्यानं दूर केला तो प्रयोग. लंडनजवळ क्लॅपहॅमला हेन्री कॅव्हेंडिशनं 1797-98 मध्ये सहा फुटी लाकडी दांडी बारीक तारेला टांगली. दोन्ही टोकांना शिशाच्या छोट्या गोळ्या लावल्या आणि त्यांच्याजवळ सुमारे 158 किलोचे दोन गोळे आणले. ओढीनं दांडी किंचित वळली. अंगाच्या उबेनं खोलीतली हवा हलू नये म्हणून तो बाहेर थांबून दुर्बिणीतून मोजत होता. हे उपकरण जॉन मिशेलनं बनवलं होतं, पण वापरण्याआधीच 1793 मध्ये तो वारला. पृथ्वीची घनता पाण्याच्या 5.48 पट निघाली. आज आपण 5.51 मानतो. पृथ्वीचा आकार ठाऊक होताच, त्यामुळं घनतेवरून तिचं माप मिळालं, आणि बाकीचे ग्रहही किलोत आले.

बुध-शुक्राला चंद्र नाहीत. शेजारच्या ग्रहांच्या वाटेत त्यांच्यामुळं पडणाऱ्या फरकावरून अंदाज बांधत राहावं लागलं. डिसेंबर 1962 मध्ये मरिनर-2 यान शुक्राजवळून गेलं, त्याचा मार्ग किती वाकला ते रेडिओ लहरींवरून मोजता आलं आणि शुक्राचा आकडा पक्का झाला. बुधाची पाळी 1974 मध्ये आली. प्लूटोला तर एके काळी पृथ्वीएवढा समजत. 1978 मध्ये त्याचा चंद्र शॅरन सापडला, आणि प्लूटो आपल्या चंद्राच्या सहाव्या हिश्शाच्या आसपासच भरला.

काका दुसऱ्या रात्री त्याच वेळेला पुन्हा आले. आदल्या रात्री गुरूच्या डावीकडं असलेला आयो आता उजवीकडं होता. ते दुर्बिणीवरून उठले आणि त्यांनी वही मागितली.